आधी झिपलाइन, मग क्वाड

दिवाळीच्या सुट्टीत बालीला क्वाड बाइक (चार जाड चाकांची, चिखलमातीत चालवायची गाडी) आणि झिपलाइन (उंचावरच्या तारेला लटकून घसरत जायचं) एकाच दिवशी उरकावी का, असं एकानं विचारलंय. उरका की! फक्त आधी झिपलाइन घ्या. क्वाडवरनं उतरल्यावर कपाळापासून बुटापर्यंत चिखल असतो आणि अंगठा भरून आलेला असतो, कारण तिथं वेगासाठी मूठ पिळायची नसते, अंगठ्यानं खटका दाबून धरायचा असतो. आपल्या कोल्हापूरच्या बुलेटवाल्यांची इथंच गोची होते भावा. वळणावर हँडल वळवायचं, अंगाचा भार आतल्या बाजूला टाकायचा. पण सवयीनं पाय खाली टेकवायचा नाही, मागचं चाक त्यावरनं जातं.

झिपलाइनला वजनाची मर्यादा असते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारणाऱ्यांनी बुकिंगआधीच विचारून घ्यावं, हे आपलं उगाच. पुलीच्या (तारेवरनं धावणाऱ्या चाकाच्या) पुढं केबलला हात लावू नका, बोटं सापडतात.

साधारण नोव्हेंबर ते मार्च तिकडं पावसाळा. चिखलात क्वाडची मजा वाढतेच, पण विजा कडाडल्या की झिपलाइन बंद. आणि प्रवास विम्याची बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच पॉलिसींत क्वाड बाइक वगळलेली असते.