गटात कोणी प्रमुख नाही, मग चूक झाली तर बोलायचं कसं?

किनाराप्रेमी (गुहागर):
आमच्या वाडीतली पोरंपोरी मिळून कासवांची घरटी राखतात, पहाटे फेरी मारायची, अंडी सापडली की हॅचरीत (कुंपण घातलेल्या राखीव जागेत) हलवायची. अध्यक्ष वगैरे कोणी नाही, सगळं व्हॉट्सॲपवर ठरतं. परवा फेरी चुकली आणि कुत्र्यांनी घरटं उकरलं, ग्रुपवर दोघांनी एकाला असं धुतलं की आता कोणी काही कळवतच नाही. सांभाळून घ्यायचं की जाब विचारायचा?

सागरवेडी (वेंगुर्ला):
दोन्ही. टीम कशा काम करतात याचा अभ्यास करणाऱ्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम बघितल्या तर चांगल्या टीममध्येच चुका जास्त नोंदलेल्या, कारण तिथे लोक लपवत नव्हते. तुमचा ग्रुप शांत झालाय ही काळजीची गोष्ट आहे हो. पण बोलायची भीती नको म्हणजे फेरी टाळली तरी चालेल असं नाही, हे त्याही सांगतात.

रापणकर (मालवण):
फेरी नक्की कोणाची होती, नाव लिहिलेलं का? रापणीत (किनाऱ्यावरून मिळून करायच्या मासेमारीत) जाळं ओढायला येईल त्याला वाटा, हे आधीच सगळ्यांना माहीत असतं. 'कोणीतरी जाईल' वर सोडलं असेल तर एकट्याला दोष देणं अन्याय आहे. नाव लावा, जमणार नसेल तर त्यानेच आदल्या संध्याकाळी बदली शोधायची. पहिल्यांदा चुकला तर समोरासमोर बोला, ग्रुपवर नको. लोक सामाईक गोष्टी मिळून कशा सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम (अर्थशास्त्राचं नोबेल, २००९) यांनीही हेच मांडलंय, शिक्षा हलकी सुरू करून वाढवत न्यायची.

किनाराप्रेमी:
नाव नव्हतंच कोणाचं. रविवारी सगळ्यांना बसवतो. पण त्या दोघांशी कोण बोलणार?

सागरवेडी:
तुम्हीच बोला, रविवारच्या आधी.