मदत हवी आहे: जुनी आलिशान स्टेशन वॅगन, बसणारे धक्के आणि चालकाच्या जागेची अडचण

सुरुबन

नमस्कार मंडळी. एक जुनी स्टेशन वॅगन (छत मागेपर्यंत नेलेली, सामानाला मोठी जागा असलेली लांब मोटार) पाहून ठेवली आहे, चालवूनही पाहिली आहे आणि घरात सर्वांना ती मनापासून आवडली आहे. परंतु दोन गोष्टींवर अडलो आहे. पहिली अशी की बारीक खड्डे, डांबराची ठिगळे आणि महामार्गावरचे काँक्रीटचे सांधे यांवर गाडी चांगलीच आदळते, आणि या किमतीच्या गाडीकडून ती अपेक्षा नव्हती. दुसरी गोष्ट, चालकाच्या जागेवर बसल्यावर माझा डावा गुडघा मधल्या कन्सोलला, म्हणजे पुढच्या दोन सीटांमधल्या उंचवट्याला, टेकून राहतो आणि तासाभरात मांडीत कळ यायला लागते. विकणाऱ्याला रविवारी होकार किंवा नकार कळवायचा आहे. सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी स्प्रिंगांची रचना) मऊ करून घ्यायला काय करावे लागेल, आणि सीटचे रूळ आणखी मागे सरकवून मिळतात का, एवढेच कृपया सांगावे. दुसरी गाडी घेण्याचे सल्ले नकोत.

जांभाखाण

आपण गाडीचे नाव लिहिलेले नाही, साल लिहिलेले नाही, टायरचे माप आणि हवेचा दाब लिहिलेला नाही, आणि आपली उंचीही लिहिलेली नाही. एवढे कळल्याशिवाय सस्पेन्शनबद्दल बोलणे म्हणजे अंदाज बांधणे होईल. टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, आहेत का, तेही पाहा. त्यांची बाजूची भिंत मुळातच कडक असते.

दर्यावर्दी

आपण सल्ला नको म्हणता, तरीही लिहितो, कारण पैसे आपले जाणार आहेत. आमच्या भागात पावसाळा संपेपर्यंत रस्ता कुठे संपतो आणि ओहोळ कुठे सुरू होतो हे कळत नाही. अशा ठिकाणी जमिनीला लागून चालणारी लांबलचक गाडी घेऊ नये. गावागावांत घातलेले गतिरोधक आपण पाहिलेच असतील. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा लागतो. प्रत्यक्षात तो हातभर रुंदीचा आणि मन मानेल तितका उंच असतो. उंच, शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली गाडी घ्यावी आणि निश्चिंत राहावे.

सुरुबन

गाडी व्होल्वो व्ही ९० क्रॉस कंट्री, डिझेल, २०१७ ची आहे. टायरवर २४५/४५ आर २० असे लिहिले आहे आणि रनफ्लॅटचे कोणतेही चिन्ह नाही. दाब मोजलेला नाही. माझी उंची सहा फूट दोन इंच आहे.

दर्यावर्दी यांना नम्रपणे सांगतो की उंच गाडी आम्हाला चालणार नाही. आईच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि तिला पायरी चढून आत बसता येत नाही. साध्या मोटारीत ती आधी बसते आणि मग पाय आत घेते. तिची घडीची चाकांची खुर्ची मागे आडवी ठेवायची असते, त्यामुळे सेडानही चालत नाही. गुहागरहून चिपळूण, पुढे कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला तपासणीसाठी जाणे हे नेहमीचे आहे आणि गाडी मीच चालवतो. राहिली गोष्ट उंचीची: या गाडीखाली २१० मिलिमीटर मोकळी जागा आहे, त्यामुळे तिला जमिनीला लागून चालणारी म्हणता येणार नाही.

घाटवाट

मग उत्तर सरळ आहे. या गाडीच्या नादाला न लागता मर्सिडीजची ई-क्लास ऑल-टेरेन शोधावी. व्ही ९० क्रॉस कंट्री आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये ६० लाखांना आली आणि ऑल-टेरेन सप्टेंबर २०१८ मध्ये ७५ लाखांना; या फरकात जे मिळते त्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे चारही चाकांवर हवेचे सस्पेन्शन. ऑल-टेरेन मोड लावला की गाडी २० मिलिमीटरने उचलली जाते आणि ताशी ३५ किलोमीटरपर्यंत तशीच राहते, त्यामुळे गतिरोधकांचा प्रश्नही सुटतो. व्ही ९० मध्ये हवेचे सस्पेन्शन असले तर ते फक्त मागे असते. पुढच्या बाजूला लोखंडी स्प्रिंगच असतात. काही गाड्यांना तर मागेही हवा नसून संमिश्र पदार्थाची एक आडवी पाटी असते. चालक पुढे बसतो, त्यामुळे त्याला धक्का बसणारच.

जांभाखाण

घाटवाट यांच्या माहितीत चूक नाही, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. हवेच्या सस्पेन्शनचे मुख्य काम वजन वाढले तरी गाडीची पातळी राखणे आणि रस्त्याच्या लांब, मोठ्या चढउतारांवर गाडीची चाल मऊ ठेवणे हे आहे. सुरुबन यांची तक्रार बारीक खड्ड्यांची आणि काँक्रीटच्या सांध्यांची आहे. सांध्याची तीक्ष्ण कड सर्वांत आधी टायर झेलतो. टायरने ती पचवली नाही तर पुढे स्प्रिंग लोखंडाची असो वा हवेची, शॉकअब्सॉर्बरला सावरायला वेळच मिळत नाही.

आता टायरचे गणित पाहा. मापातला पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के भिंत उंच आहे ते, आणि शेवटचा रिमचा इंचांतला व्यास. २४५ चे ४५ टक्के म्हणजे रबराच्या भिंतीची उंची साधारण ११० मिलिमीटर. याच गाडीला कंपनी २३५/५५ आर १८ हेही माप देते आणि त्यात ती उंची १२९ मिलिमीटर भरते. चाक मोठे झाले की धातू वाढतो, चाकाचे वजन वाढते, आणि स्प्रिंगच्या खालचे वजन जितके जास्त तितका धक्का वर अधिक पोहोचतो. हजारांतले टायर आणि लाखांचे सस्पेन्शन यांत आधी कशाला हात घालायचा हे ठरवणे अवघड नसावे. आणि त्याहीआधी, ज्याला काहीच खर्च नाही, तो हवेचा दाब मोजावा. चालकाच्या दाराच्या खांबावर पट्टी असते. तिच्यावर थोड्या वजनासाठी आणि पूर्ण वजनासाठी वेगवेगळे आकडे असतात. दाब सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना मोजायचा.

घाटवाट

टायरने सर्व काही होते असे म्हणणारे लोक कुंभार्लीच्या वळणांवर आजारी माणसाला मागे बसवून गाडी चालवत नसावेत. तिथे त्रास सांध्यांचा नसतो, गाडीच्या अंगाच्या हेलकाव्याचा असतो. भिंत उंच असलेला टायर वळणावर अधिक दबतो आणि स्टिअरिंगचे उत्तर उशिरा मिळते, हेही सांगावे.

जांभाखाण

ते मान्य आहे, परंतु फरक १९ मिलिमीटरचा आहे आणि घाटात ताशी ४० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीत तो कोणाला जाणवेल असे मला वाटत नाही. मागे बसणाऱ्याला हेलकावे कमी बसावेत यासाठी वळणाच्या आधी ब्रेक सोडणे आणि वळणात पाय स्थिर ठेवणे याचा उपयोग कोणत्याही स्प्रिंगपेक्षा अधिक होतो.

अबोली

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सर्वजण धक्क्यांवर बोलत आहेत आणि गुडघ्याचा प्रश्न मागे पडला आहे, म्हणून लिहिते. आधी मला दोन गोष्टी सांगा. गाडीत आधीच्या मालकाने जाड, कडा उचललेल्या सेव्हन-डी मॅट बसवल्या आहेत का? आणि मूळ चामड्याच्या सीटवर वेगळे कव्हर चढवले आहे का? या दोन वस्तू आपल्याकडे इतक्या सरसकट बसवल्या जातात की त्या गाडीचाच भाग आहेत असे वाटू लागते. मॅटमुळे टाच वर येते, डाव्या पायासाठी असलेली तिरकी फळी झाकली जाते किंवा तिच्यावर पाय टिकत नाही, आणि पाय मग आधारासाठी कन्सोलला रेलतो. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काही काम नसते, त्यामुळे तो तासन्‌तास तसाच रेललेला राहतो. कळ तिथून येते. सीटच्या कव्हरबद्दलचा मुद्दा आरामाहून गंभीर आहे. बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतूनच उघडते आणि कव्हरने ती अडू शकते.

सीट लावताना लांबीपासून सुरुवात करू नका, उंचीपासून करा. उंच माणसे डोके छताला लागेल या भीतीने सीट अगदी खाली नेतात, त्याने गुडघे कमरेच्या वर जातात आणि बाहेर फाकतात. डोके आणि छत यांत मूठभर अंतर उरेपर्यंत सीट वर घ्या. मग ब्रेक पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी ती मागे न्या, आणि खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचेल इतके स्टिअरिंग बाहेर ओढा. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर हवेत. या गाडीच्या वरच्या श्रेणीत मांडीखालची गादी पुढे सरकते. ती गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटे जागा सोडून थांबवा. मांडीला पूर्ण आधार मिळाला की पाय बाहेर पडत नाही.

रूळ सरकवण्याचा विचार मात्र कृपया सोडून द्या. व्होल्वोने या पिढीच्या गाड्यांत सीट आणि तिचा सांगाडा यांच्यामध्ये ऊर्जा शोषणारा भाग ठेवला आहे. गाडी रस्ता सोडून खाली आदळली तर मणक्यावर येणारा उभा दाब तो कमी करतो. गावातल्या कारागिराने पट्टी जोडून सीट मागे नेली तर त्या रचनेचा भरवसा राहत नाही. सीटबेल्टचा खटकाही सीटसोबतच हलतो.

करवंद

मागे सामान किती राहते ते कोणीच सांगितले नाही. सीट न पाडता ५६० लिटर जागा आहे. चाकांच्या कमानी आत आल्यामुळे आंब्याच्या पेट्या आडव्या लावल्या तर कडेला थोडी जागा वाया जाते, उभ्या लावल्या तर बऱ्याच बसतात. हंगामात पेट्या घेऊन जायचे असेल तर मागच्या सस्पेन्शनचे हवेचे फुगे कामाचे आहेत, कारण वजन पडले तरी गाडीचे मागचे अंग बसत नाही आणि दिव्यांचा झोत वर जात नाही.

खाडीकाठ

फुग्यांवरून आठवले म्हणून सांगतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनी फुग्यांच्या घड्या हाताने उलगडून पाहाव्यात. रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात आणि त्यांत लाल माती रुतून बसते. परीक्षा सोपी आहे. रात्री गाडी सपाट जागी उभी करावी, मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे, आणि सकाळी सुरू करण्याआधी पुन्हा मोजावे. एक बाजू बोटभर खाली बसली असेल तर हवा गळते आहे, आणि तसे असेल तर फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसरही जास्त चालून थकलेला असतो.

सुरुबन

सर्वांचे आभार. विकणाऱ्याने गाडी एका रात्रीसाठी आमच्या अंगणात ठेवू दिली, त्यामुळे सर्व तपासता आले.

सकाळी चारही चाकांत दाब ४३ पीएसआय निघाला. पट्टीवरच्या दोन माणसांसाठीच्या आकड्यापेक्षा तो बराच जास्त आहे. "जड गाडी आहे, हवा जास्तच लागते," असे विकणाऱ्याचे म्हणणे पडले. पट्टीप्रमाणे दाब केल्यावर शृंगारतळीच्या पुढचा ठिगळांचा रस्ता पूर्वीसारखा अंगावर येत नाही. काँक्रीटच्या सांध्याचा आवाज येतो, पण तो आता हातांपर्यंत आणि कमरेपर्यंत पोहोचत नाही. मोठ्या, धारदार खड्ड्यावर मात्र पुढच्या बाजूने दणका बसतो. मागे फुगेच आहेत आणि दोन्ही बाजूंचे अंतर सकाळी तेवढेच भरले.

मॅट आणि कव्हर, दोन्ही होते. मॅट काढल्यावर तिच्याखाली पावसाळ्यापासूनचा ओलावा आणि वाळू निघाली, आणि डाव्या पायाची फळी प्रथमच मोकळी दिसली. अबोलीताईंनी सांगितल्याप्रमाणे सीट वर घेतली आणि गादी पुढे ओढली. चिपळूणपर्यंत जाऊन आलो, कळ आली नाही. गुडघा आता फक्त उजवीकडच्या तीव्र वळणावर, शरीर डावीकडे झुकते तेव्हा, कन्सोलला लागतो, आणि तेवढे मला चालेल. आई मागे बसून आली आणि तिला पाठीला रस्ता जाणवला नाही असे ती म्हणाली. माझ्यासाठी हे सर्वांत महत्त्वाचे होते.

आता एकच प्रश्न. दाब पट्टीच्या आणखी खाली नेला तर उरलेला दणकाही जाईल का, की चाके बदलावीत?

दर्यावर्दी

मातोश्रींची अडचण आधी कळली असती तर मी उंच गाडीचे सुचवले नसते. तरी पावसाळ्यात ओहोळावरून जाताना गाडीचे नाव न पाहता पाणी पाहावे, एवढे सांगतो.

जांभाखाण

दाब पट्टीच्या खाली अजिबात नेऊ नका. ११० मिलिमीटरची भिंत आणि कमी हवा असे जुळले की धारदार खड्ड्यात रबर रिमवर चेपले जाते, भिंतीला फुगा येतो आणि रिम वाकते. आई सोबत असताना घाटात टायर फुटणे आपल्याला परवडणार नाही.

चाके बदलायची असतील तर २३५/५० आर १९ हे माप पाहा. भिंत साधारण ११७ मिलिमीटर मिळते आणि चाकाचा एकूण व्यास जेमतेम दीड टक्क्याने कमी होतो, त्यामुळे वेगाच्या काट्यात नगण्य फरक पडतो. १८ इंची घेण्याचा मोह होईल. त्याआधी आपल्या गाडीच्या पुढच्या ब्रेककॅलिपरला (ब्रेकची चकती दाबून धरणाऱ्या भागाला) न घासता ते रिम मोकळे बसते का, हे प्रत्यक्ष एक चाक चढवून आणि हाताने फिरवून पाहा. टायरवरचा भाराचा आकडा सध्याच्या टायरपेक्षा कमी असू नये. गाडी चारही चाकांना ताकद देणारी आहे, म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि एकदमच घ्या. दोन नवे आणि दोन झिजलेले असे लावले तर मागच्या चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या जोडणीवर सतत ताण येतो. सध्याच्या टायरची नक्षी किती उरली आहे ते मोजा आणि ती थोडीच असेल तर नव्या चार टायरची किंमत रविवारी बोलणी करताना गाडीच्या किमतीतून वजा करून मागा.

अबोली

आणि मॅट पुन्हा घालायचीच असेल तर कंपनीची पातळ, खटक्याने अडकणारी घ्या. सुटी मॅट पुढे सरकून ब्रेकखाली जाते.