दुपारी सोलर बंद पडतो, संध्याकाळी लाइट मिणमिणते: बॅटरी घ्यावी का?

वस्तीवरचा: नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात शेतावर घर आहे. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) अर्धा किलोमीटर, आमच्यापुढे खांबच नाही. छतावर 3 किलोवॅट सोलर, नेट मीटर, सिंगल फेज. ऐन उन्हात, बारा ते तीन, इन्व्हर्टर दहा-दहा मिनिटांनी 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दाखवून बंद होतो. संध्याकाळी शेजारच्या मोटारी सुरू झाल्या की 175 व्होल्ट. बसवणारा म्हणतो, 10 युनिटची बॅटरी घ्या, सगळं सुटेल. पैसे घालू का?

बिनधास्त_बारामती: मीटरजवळ मोठा स्टॅबिलायझर टाका, विषय संपला.

जुना वायरमन: नको हो. स्टॅबिलायझर लाइनकडून घराकडे येणाऱ्या विजेसाठी असतो, तुमची वीज उलटी जाते. आधी मोजा. भर उन्हात घरातलं सगळं बंद ठेवा. इन्व्हर्टर बंद असताना मीटरपाशी किती व्होल्ट, चालू केल्यावर किती, आणि बाहेर किती ॲम्पिअर जातात ते लिहा. आणि खांबावरचा न्यूट्रलचा जोड लाइनमनला बघायला सांगा, स्वतः चढू नका.

वस्तीवरचा: मोजलं काका. बंद असताना 243. चालू केला, 11 ॲम्पिअर जायला लागले, आकडा चढत चढत 254 झाला आणि टक्.

जुना वायरमन: म्हणजे 11 ॲम्पिअरला 11 व्होल्ट, तुमच्या तारेचा रोध 1 ओहम. खांबावरची वीझल जातीची ॲल्युमिनियम तार किलोमीटरला साधारण 0.9 ओहमची, अर्धा किलोमीटर जाऊन-येऊन तेवढाच हिशेब होतो. तार पातळ आहे, इन्व्हर्टर बरोबर वागतोय. 230 च्या वर 10 टक्के म्हणजे 253 ला त्याने सुटायचंच असतं. ती मर्यादा कुणी वाढवून देतो म्हणालं तर देऊ नका, शेजाऱ्यांचे फ्रिज जातील.

ॲडलेडकर: आमच्याकडे घरोघरी सोलर, हाच त्रास. इथल्या नियमात इन्व्हर्टर एकदम बंद न होता 253 पासून हळूहळू वॅट उतरवतो, 260 ला 20 टक्क्यांवर येतो. दादा, तुमच्या इन्व्हर्टरमध्ये 'व्होल्ट-वॅट' आहे का विचारा. असल्यास 248 च्या आसपास सुरू करून घ्या. थोडी वीज बुडेल, पण दहा मिनिटं पूर्ण बंद राहण्यापेक्षा बरं. व्होल्टेज आवरायची दुसरी सोय, 'व्होल्ट-व्हार'ही असेल, पण पातळ तारेत रोधाचाच जोर असतो, त्याने निम्माही फरक पडणार नाही.

मीनल_इलेक्ट्रिकल: आता बॅटरी. 10 युनिटची गरज मला दिसत नाही, 5 युनिटची लिथियम फॉस्फेट पुरेल. पण ती कधी भरते ते बघा. कारखान्यातून येते तशी ठेवली तर सकाळी ऊन चढलं की भरायला लागते, अकराला फुल्ल, आणि बाराला पुन्हा तुमचा तोच टक्. ॲपमध्ये चार्जिंगची वेळ 11:30 ते 2:30 लावा, 1.5 किलोवॅटवर. मग बाहेर किलोवॅटभरच जाईल, व्होल्टेज 248 च्या आतबाहेर राहील. त्याआधी फुकटातलं करा: बोअरची मोटार, गिरणी, गिझर दुपारी चालवा. आमच्या सासूबाईंनी दळण दुपारी न्यायला महिनाभर कुरकुर केली, आता त्याच आठवण करतात.

वस्तीवरचा: ताई, आणि संध्याकाळचे 175?

मीनल_इलेक्ट्रिकल: तुमचं घर 8 ॲम्पिअर ओढत असेल तर ते बॅटरीवर घेतल्याने 8 व्होल्ट सुटतील. 183. बाकीचा खड्डा शेजारच्या मोटारींचा, तो तुमच्या पैशाने भरणार नाही. हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) घेतलात तर त्याच्या बॅकअप पोर्टवर, म्हणजे लाइन गेली तरी बॅटरीवर चालणाऱ्या जोडणीवर, दिवे, पंखे, फ्रिज टाका, खालची मर्यादा 190 ठेवा. त्याखाली गेलं की घर आपोआप बॅटरीवर. मोटार मात्र त्या पोर्टला जोडू नका.

जुना वायरमन: डीपीचा टॅप वाढवा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरूनच व्होल्टेज चढवा, म्हणून अर्ज देऊ नका हं. रात्री बरं वाटेल, दुपारी 243 चे 249 होतील.

वस्तीवरचा: अरे देवा, तो अर्ज मागच्याच आठवड्यात दिलाय. उद्या सकाळी जाऊन परत घेतो. व्होल्ट-वॅटचं बसवणाऱ्याला फोटो काढून पाठवलंय, तो म्हणतो 'असलं काही नसतं.' मेनूत आहे, मी बघितलं, पासवर्ड मागतोय.