ठाणे-नवी मुंबईत बारीक मण्यांचं विणकाम शिकवणारं कोणी आहे का?

कोपरीकर:
नमस्कार मंडळी. मला काचेच्या बारीक मण्यांचं सुईदोऱ्याचं विणकाम मुळापासून शिकायचंय. व्हिडिओ बघून पट्टी विणता येते, पण कडा सरळ येत नाहीत आणि स्वतःची नक्षी उतरवता येत नाही. दोन तासांत कानातलं करून हातात देणारी कार्यशाळा नको. ठाणे किंवा ट्रान्स-हार्बर लोकलमार्गावर कुठेही चालेल. आणि मणी कोणते घेऊ?

ऐरोलीकर:
माझ्या बाईंकडे डोळे मिटून जा! ऐरोलीतच असतात. नाव-नंबर इथे टाकत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

बाईंनी पैठणीचा बांगडीमोर (बांगडीसारख्या गोलातला मोर) पेओट नावाच्या टाक्यात विणलाय, तो आधी बघून घ्या. पेओटमध्ये शेजारच्या रांगेतला मणी अर्धा वर-खाली बसतो, त्यामुळे साध्या चौकोनी आलेखावर काढलेला मोर विणताना बिघडतो. बाई विटांच्या बांधकामासारखा सरकवलेला आलेख हाताने आखतात. पदराची धूपछाव आणायला त्यांनी दोन छटांचे मणी एकाआड एक घेतलेत, आणि लांबून खरंच रेशीम वाटतं. एवढं काम येणारी बाई नवख्याला पहिला टाका तितक्याच मनापासून शिकवते, याचं मला फार अप्रूप आहे.

पहिल्या दिवशी त्या दोन रंगांचे मणी एकाआड एक ओवायला लावतात. मग एक मणी घ्यायचा, एक सोडायचा, पुढच्यातून सुई काढायची. सुई कुठून न्यायची ते रंगावरूनच कळतं. तुमच्या कडांचं म्हणाल तर वळताना दोरा सैल सुटत असणार. बाई प्रत्येक वळणाला दोरा अंगठ्याखाली दाबून धरायला लावतात, हाताला सवय होईपर्यंत पुढे जाऊ देत नाहीत. उसवायचं तर सुई काढून नुसता दोरा मागे ओढायचा. सुई उलटी घातली की ती दोऱ्यातच शिरते आणि गुंता होतो. हे मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नव्हतं.

वाशीवाली:
मण्यांचं मी सांगते. ११/० मापाचे घ्या, साधारण २ मिमीचे. आकडा वाढला की मणी बारीक होतो, १५/० च्या वाटेला आत्ता जाऊ नका. जपानी मियुकी कंपनीचे डेलिका मणी नळीसारखे, एका मापाचे असतात, चपखल बसतात, पण महाग. चेक (चेक देशात बनलेले) मणी स्वस्त पडतात, मात्र कमीजास्त असतात, निवडून घ्यावे लागतात. सरावाला चेक पुरे. सुई १० नंबरची.

ऐरोलीकर:
इथे मी वेगळं सांगेन. कडा नीट येत नसतील तर निदान पहिली पट्टी डेलिकाची करा. मणी एकसारखे असले की दोष हाताचा की मण्याचा ते लगेच कळतं. छोटी पुडी पुरते. दोरा फायरलाइनचा घ्या. मुळात मासेमारीचा आहे, मण्याच्या धारेला सहजी तुटत नाही.

कोपरीकर:
दोघींचे खूप आभार. व्यनि मिळाला. मी डावखुरी आहे, चालेल ना बाईंना?

ऐरोलीकर:
बिनधास्त जा. आमच्या बॅचमध्ये एक डावखुरी मुलगी होती. बाईंनी तिच्यासाठी अख्खा आलेख उलटा काढून आणला आणि स्वतः डाव्या हाताने विणून दाखवलं. नवीन बॅच चार-पाच जणींचीच असते, तेव्हा आजच फोन करा.