वण, व्रण की गाठ?

फोंड्याहून विचारतोय. मावशीला सहा वर्षांपूर्वी मेंदूच्या आवरणाचा टीबी झालेला, वर्षभर गोळ्या खाऊन बरी झाली. आता फिट आली म्हणून परत एमआरआय केला तर रिपोर्टात कॅल्सिफाइड ट्युबरक्युलोमा, ग्लायोसिस, ओल्ड इन्फार्क्ट असलं कायकाय लिहिलंय. डॉक्टर म्हणाले सगळं जुनं आहे. घरी सांगताना मी ‘गाठ’ म्हटलं तर डिचोलीची आजी रडायलाच लागली, तिला वाटलं कॅन्सर. मग ‘व्रण’ म्हटलं तर भाऊ म्हणतो म्हणजे जखम अजून आहे? नेमका शब्द कुठला?

-- संस्कृतात व्रण म्हणजे जखमच, भाऊ बरोबर आहे. आपला ‘वण’ त्यातूनच आला, पण मराठीत येईपर्यंत जखम भरली आणि नुसती खूण उरली :) हल्ली पेपरात दोन्ही एकाच अर्थानं टाकतात ते सोडा. आजीला ‘देवीचे वण’ म्हणून सांगा, लगेच कळेल.

-- ‘डाग’ चालेल का?

-- नको, छातीत डाग म्हटलं की लोक चालू टीबीच समजतात.

-- मी स्कॅन सेंटरात कामाला आहे म्हणून थोडं लांबण लावतो. ग्लायोसिसला वण एकदम फिट्ट, कारण मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी वाढून ती जागा भरून काढतात. ट्युबरक्युलोमा म्हणजे टीबीची गाठ, आणि कॅल्सिफाइड म्हणजे त्या गाठीत कॅल्शियम साचून ती कडक झाली, सीटीत तांदळाच्या कण्यासारखी पांढरीशुभ्र दिसते (एमआरआयपेक्षा सीटीतच पटकन ओळखू येते) आणि वर्षानुवर्षं तशीच राहू शकते, तिला मी ‘सुकलेली गाठ’ म्हणेन, नुसती ‘गाठ’ कधीच नाही. इन्फार्क्ट मात्र वेगळं हां, टीबीच्या सुजेनं मेंदूच्या तळाच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि तेवढा भाग मरतो, म्हणजे पक्षाघाताच्या झटक्याचाच प्रकार (फिटचा झटका नव्हे), त्याला सरसकट वण म्हटलं की झालं काय होतं तेच कळत नाही. आणि वण म्हणजे निरुपद्रवी असं पण नाही, जुन्या वणातूनसुद्धा फिट येऊ शकते, तेव्हा फिटच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू देऊ नका.

-- थँक्यू सगळ्यांना. आजीला सांगितलं वण आहे म्हणून, तर तिनं बाही वर करून दंडावरचा देवीच्या लसीचा वण दाखवला, “असलोच मरे?” हो म्हटलं. तर विचारते, मग मला कशी कधी फिट आली नाही?