सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

'दुकानाच्या हिशेबाला गूगल ड्राइव्हचं सिंक लावलं की बॅकअपची काळजी संपली' असं म्हणतात, ते मला पटत नाही. सिंक म्हणजे आरसा, कॉम्प्युटरवरची फाईल बदलली की ऑनलाइन प्रतही आपोआप तशीच बदलते. इकडे फाईल बिघडली की तिकडे बिघडलेलीच जाते. गूगल ड्राइव्ह जुन्या आवृत्त्या ठेवतो खरा, पण साधारण ३० दिवसच, आणि आपल्याकडे घोळ कळतो तो वर्षअखेरीला, सीए ओरडला की!

आमच्या पाइप-फिटिंगच्या दुकानात रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तेव्हा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा तर गेलाच, पण बाहेरची हार्ड डिस्कही गेली. ती कायम कॉम्प्युटरला लावलेलीच असायची ना. वाचलो ते भावाने दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी टॅलीचा डेटा भरून घरच्या कपाटात टाकलेल्या पेनड्राइव्हमुळे. मधल्या साडेतीन महिन्यांची बिलं हाताने पुन्हा चढवली. आता दोन डिस्क आहेत, दर शनिवारी अदलाबदल, एक घरी. शिवाय महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून, म्हणजे परत उघडून, शिल्लक जुळवतो. पहिल्याच खेपेला कळलं, बॅकअपमध्ये चालू वर्षाची 'कंपनी'च, म्हणजे टॅलीतली त्या वर्षाची हिशेबवहीच, नव्हती! आणि हो, जागा करायला जुनी वर्षं पुसू नका. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात.