मढ्याभोवतीचं हसू: तुम्हाला पटतं का?

माहुलीकर (सातारा):
परवा घरी 'जाने भी दो यारो' (१९८३) हा हिंदी सिनेमा लावला होता. कमिशनर डिमेलोचं प्रेत महाभारताच्या नाटकात द्रौपदी होऊन उभं राहतं, तिथं मी पोट धरून हसलो आणि काका उठून गेले. "मढ्याची कसली थट्टा?" म्हणाले. माझ्या मते थट्टा मढ्याची नाहीच. पूल कोसळला तरी ज्यांना घाम फुटत नाही, ते बिल्डर एका प्रेतासाठी जिवाच्या आकांतानं पळतात, त्यांची आहे. शेवटी तुरुंगात जातात ते हा घोटाळा उघड करू पाहणारे दोघे फोटोग्राफर. नुसत्या भाषणानं हे मला इतकं झोंबलं नसतं.

कृष्णाकाठ:
दादा, २०२१ मध्ये वडिलांचा देह आम्हाला प्लास्टिकमध्ये गुंडाळून मिळाला. तोंडसुद्धा बघता आलं नाही. तेव्हापासून पडद्यावर कुणी प्रेत ओढलं की पोटात कालवतं. तुम्हाला तिथं बिल्डर दिसतो, मला बाप दिसतो.

माहुलीकर:
ताई, तुम्ही बघाच असं मी कधीच म्हणणार नाही. पण आमच्या आजोबांच्या दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर दीड तास कावळा शिवेना. काकांनी जमिनीचा शब्द दिला, आत्यानं हात जोडले. शेवटी पिंडाशेजारी कंदी पेढा ठेवला. शुगरमुळं सहा वर्षं त्यांना तो बंद होता. कावळा आला आणि पिंड सोडून पेढाच घेऊन गेला. डोळे पुसत पुसत सगळे हसलो. असं हसू मला या सिनेमांत सापडतं.

कृष्णाकाठ:
ते हसू घरच्यांचं. तिकीट काढून आलेल्यांचं नव्हे.

रंगपट (सांगली):
ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' (१९७४) हे नाटक घ्या. मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन करतात, जुन्याच स्मशानात जाळा म्हणून हटून बसतात. बघता बघता ते आपल्याच घरातले होतात, मग हसताना परकं वाटत नाही. डिमेलोलाही आपण आधी जिवंतपणी केक खाताना बघितलेलं असतं. हल्लीच्या कित्येक वेबसिरीजमध्ये मेलेल्याला धड नावही नसतं. करवतीनं तुकडे करायचे आणि वर मजेशीर गाणं वाजवायचं! तिथं मी पूर्णपणे ताईंच्या बाजूचा.

माहुलीकर:
करवतीचं मलाही बघवत नाही. पण काका द्रौपदीलाच उठले, हे मनातून जात नाही.

कृष्णाकाठ:
पेढा ठेवायचं कुणाला सुचलं होतं?

माहुलीकर:
आजीला.